आधीचा उजेड

माझ्या सासूबाई मला दोनच रूपांत ठाऊक आहेत. एक तरुण, डोळे टक्क उघडे असलेल्या. दुसऱ्या वय झालेल्या, तोंडभर हसणाऱ्या, पण डोळे मिटलेल्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीच त्या गेल्या होत्या, त्यामुळे आमची जी काय ओळख आहे ती सगळी फोटोंतून झालेली. ओळखपत्रावर त्यांचे डोळे उघडे आहेत, पण ओळखपत्रावर सगळ्यांचेच डोळे चोरी करताना पकडल्यासारखे दिसतात. ते काही मी धरत नाही.

मी दात बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात आणि आम्ही त्यावरून कॅप, कवळ्या तयार करून देतो. त्यामुळे माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या तोंडाकडे जाते. असं बघणं बरं दिसत नाही हे मला कळतं, पण हाताला लागलेलं वळण डोळ्यांनाही लागतं, त्याला मी काय करू? सासूबाईंचा वरचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता आणि त्या मनापासून हसल्या की तो बाहेर डोकवायचा. ओढूनताणून हसणाऱ्याचे दात दिसतात, पण गाल जागचे हलत नाहीत. डोळे मिटलेल्या त्या सगळ्या फोटोंत सासूबाईंचे गाल छान वर गेलेले आहेत.

हे मी एकदा नवऱ्याला दाखवलं, तर म्हणाला, "झोपेत गोड स्वप्न पडलं असेल."

या घरात आईच्या मिटलेल्या डोळ्यांवर असेच विनोद चालायचे. एका फोटोत तर त्यांच्या पापण्या अर्ध्यावरच अडकल्यात. सासूबाई नर्स होत्या, म्हणून त्या फोटोला सगळे 'भुलीचा फोटो' म्हणायचे. पेशंटऐवजी चुकून नर्सलाच भूल दिली म्हणे. हसत नसत ते फक्त बाबा. भिंतीवरही त्यांनी सासूबाईंचा तरुणपणीचाच फोटो लावला होता.

बाबा, म्हणजे माझे सासरे, यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त केल्या. रोलचा कॅमेरा हा त्यांचा एकुलता एक शौक. फ्लॅशच्या पाठीवरचा अंतराचा तक्ता न बघता, नुसत्या नजरेने अंतर जोखून ते फोटो काढायचे आणि एक रोल पुरवून पुरवून वापरायचे. मग माझ्या नवऱ्याला नोकरी लागली आणि त्याने हौसेने वडिलांना डीएसएलआर आणला, वर लावायचा वेगळा फ्लॅशही आणला. नव्या बटणांनी बाबा बावचळून जातील म्हणून त्याने सगळं ऑटोमॅटिक करून दिलं, फ्लॅशच्या पाठीवरच्या बटणावर निळी चिकटपट्टी लावली आणि सांगितलं, "बाबा, याला हात लावायचा नाही. फक्त बघायचं आणि दाबायचं."

बाबांनी हात लावला नाही. कधीच लावला नाही. आपल्याला हे येडेपणाचं वाटेल, पण लिफ्टच्या कामात एक शिस्त असते. कारागीर खाली खड्ड्यात उतरतो तेव्हा वर मेन स्विचवर स्वतःची पाटी अडकवून जातो, आणि ती पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची. साहेब आला तरी त्याने काढायची नाही. दुसऱ्या कुणी काढली तर खालचा माणूस हकनाक जातो. ज्याने पाटी लावली तो विसरून घरी गेला तर त्याला घरून बोलावून आणतात. बाबांच्या हाडात ही शिस्त मुरलेली. माझा नवरा ती चिकटपट्टी लावून दुसऱ्याच दिवशी विसरला असणार.

सासूबाई गेल्यावर बाबांनी कॅमेरा कपाटात ठेवला. तो बाहेर निघाला थेट माझ्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी थांबत नाही. त्या दिवशी मात्र आजोबा आपला फोटो काढणार म्हणून गुलाबी झगा घालून खुर्चीवर शहाण्यासारखी बसली होती. बाबांनी नवे सेल घातले. फ्लॅश म्हातारा झालेला, कीं करत बराच वेळ कण्हला आणि मग कुठे त्याचा लाल दिवा लागला.

"बघ इकडे," बाबा म्हणाले.

लख्ख उजेड पडला. बाबांनी मागच्या पडद्यावर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. परत काढला. परत तेच. भिंगरीचे दात दिसतायत, हनुवटी वर, आणि डोळे मिटलेले. चार-पाचदा झाल्यावर बाबांनी कॅमेरा गळ्यातून काढला, पिशवीत घातला, पिशवी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. पोरगी खुर्चीवर तशीच बसलेली.

"आजोबा, मी काय केलं?" तिने विचारलं.

"काही नाही बेटा," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे एकमताने मान्य झालेलं आहे. पाहुणे होते म्हणून त्या दिवशी गिळला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या हातात चहाचा कप दिला आणि समोर ठाण मांडून बसले.

"माझ्या पोरीने तुमचं काय घोडं मारलं होतं? एवढीशी ती, काल झोपेपर्यंत विचारत होती, मी वाईट दिसते का म्हणून."

बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, उठून जातील. पण म्हणाले, "ही पण डोळे मिटते गं. तिच्यासारखीच."

"मग? आजीवर गेली असेल. बिघडलं कुठे?"

"तुझी सासू मुद्दाम मिटायची."

मग ते बोलले. मी या घरात आल्यापासून त्यांना सलग इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. सासूबाईंना मोठी बढती मिळाली होती. दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात सगळ्या नर्सेसच्या वरची जागा. दोन-तीन वर्षांचा प्रश्न होता, मुलगा मोठा झालेला, अडचण कसलीच नव्हती.

"मी तिला नको नाही म्हणालो," बाबा म्हणाले. "पण जा असंही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, मग मी इथे एकटा काय करू? ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. 'बरं,' म्हणाली. आणि नकार कळवून टाकला. भांडली असती तर परवडलं असतं. एक शब्द बोलली नाही. त्याच महिन्यात तुझ्या नवऱ्याने हा कॅमेरा आणला. पहिला फोटो तिचाच काढला. डोळे मिटलेले. दुसरा, मिटलेले. त्याआधी इतकी वर्षं रोलवर काढले, एकातही डोळे मिटलेले नाहीत. मग मी काय समजायचं?"

मी त्यांच्यासमोरचा गार झालेला कप उचलून बाजूला ठेवला.

"दर वेळी म्हणायचो, बघ इकडे. ती म्हणायची, बघतेच आहे. अशी शांतपणे म्हणायची की मला टोमणाच वाटायचा. एरवी वागण्या-बोलण्यात सगळं नीट. जेवायला वाढायची, माझी औषधं काढून ठेवायची, थट्टा करायची. पण बटण दाबलं की डोळे मिटणार. मी समजून गेलो. तोंडाने बोलायचं नाही असं तिने ठरवलंय, म्हणून हे असं सांगते. 'तुमच्याकडे बघायचं नाही मला.'"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"विचारलं आणि ती हो म्हणाली तर?"

खरं सांगते, मला बाबांची दयाही आली आणि चीडही आली. बाई घरात वावरतेय, रोज समोर ताट ठेवतेय, आणि हा माणूस तिचं मन फोटोत शोधतोय. पण दुसऱ्याच्या संसारावर निवाडा द्यायला कुणाचं काय जातं? मी निवाडा दिला नाही. मी माझ्या डोक्याप्रमाणे निदान केलं.

"बाबा, हा फ्लॅश जुना झालाय. चार्ज व्हायलाच इतका वेळ घेतो, की पोरगी ताटकळून डोळे मिटते. नवा घेऊ. आजच जाऊ."

"फ्लॅशचा दोष नाही तो."

"नसू दे. घ्यायचा."

संध्याकाळी लॅबमधून लवकर निघाले आणि बाबा आणि भिंगरीला घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. जुना फ्लॅश कॅमेऱ्यावर तसाच लावून घेतला होता, नवा त्या जागी नीट बसतो का बघायला. दुकान अरुंद, काचेची कपाटं छतापर्यंत, आणि गल्ल्यामागे चष्मा कपाळावर चढवलेली एक बाई. समोर आम्ही तिघं उभी राहिलो तर मागे माणसाला वळायला जागा नव्हती. तिने आम्हाला फ्लॅश दाखवायला सुरुवात केली. याचं डोकं वर वळतं, म्हणजे उजेड छतावर मारता येतो आणि तोंडावर ऊन पडल्यासारखं होत नाही. याचा उजेड लांब जातो, हॉलमध्ये बरा. हा हलका. हा सगळं आपलं आपण ठरवतो, तुम्ही नुसतं बटण दाबायचं.

"हाच द्या," मी म्हणाले. माझा स्वभाव उरकून टाकण्याचा.

"फोटो कुणाचे काढायचेत?" बाईने विचारलं.

"हिचे," मी भिंगरीला पुढे केलं. "ही डोळे मिटते."

"मुद्दाम नाही मिटत," भिंगरी म्हणाली. तिला हे कुणी सांगायला शिकवलं नव्हतं.

बाईने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, आमचा कॅमेरा उचलला आणि फ्लॅशची पाठ बघितली. "ही पट्टी कसली?" म्हणत तिने नख लावलं, तोच बाबांनी तिचा हात धरला. अक्षरशः धरला.

"थांबा. ती माझ्या मुलाने लावलीय. तोच काढेल."

"काका, खाली बटण आहे. मला ते दाबायचंय."

"ज्याने लावली त्यानेच काढायची," बाबा म्हणाले.

बाई माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मी नवऱ्याला फोन लावला. "तू बाबांच्या फ्लॅशवर चिकटपट्टी लावली होतीस. ती काढायला परवानगी दे."

"कुठली चिकटपट्टी?"

"निळी. दे परवानगी, इथे दुकान अडलंय."

"अगं काढा की! ती अजून आहे?" तो इतक्या मोठ्याने हसला, की बाबांना ऐकू गेलं. बाबांनी हात सोडला. पट्टी निघाली, खालचं बटण तेवढं नव्या रंगाचं राहिलेलं. बाईने ते दाबून काहीतरी बदललं.

"इकडे बघ गं," तिने भिंगरीला सांगितलं आणि फोटो काढला. पडदा आमच्याकडे वळवला. माझी मुलगी टपोऱ्या डोळ्यांनी बघत होती.

"आता परत ऑटोमॅटिकवर," बाई म्हणाली. काढला. डोळे मिटलेले. परत बटण, परत उघडे. भिंगरीला खेळ वाटून ती खिदळायला लागली. बाबांनी गल्ल्याची कड धरली.

"हे कसं?" त्यांनी विचारलं.

"दाखवते. नवा लावते, तुमचा फार दमलाय." तिने ऑटोमॅटिक फ्लॅश चढवला. "शटर मुद्दाम हळू ठेवते, आणि उजेड शेवटी पडेल असं करते. तुम्ही नुसते माझ्या हाताकडे बघा."

तिच्या तळहातावर उजेड पडला. मग अंधार नाही, पण एक पोकळ क्षण गेला, आणि पुन्हा उजेड पडला.

"दोन," बाबा म्हणाले.

"नेहमीच दोन असतात. एरवी इतके चिकटून येतात की आपल्याला एकच वाटतो. पहिला कॅमेऱ्यासाठी. माणसावरून किती उजेड परत येतो ते तो मोजतो आणि मग खरा टाकतो. रोलच्या काळात तुमच्याकडे साधा फ्लॅश असेल, त्याला हे मोजणं नव्हतं. काहींची पापणी फार चपळ असते काका. पहिल्या उजेडाला मिटते आणि दुसरा येतो तेव्हा मिटलेली सापडते. कधी अर्ध्यातच सापडते. मग माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो." ती हसली.

बाबा हसले नाहीत. "आणि एखादं माणूस मुद्दाम मिटून बसलं तर?"

"त्याची पापणी अर्ध्यात कशाला सापडेल? ती आधीच खाली. बघत असेल त्याचीच वाटेत सापडणार ना."

तिला बिचारीला काय माहीत, ती काय बोलून गेली ते. ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. बाबा उभेच होते. भिंगरी त्यांच्या सदऱ्याला लोंबकळत होती, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"भुलीचा फोटो," ते मला म्हणाले.

"हो बाबा."

"बघत होती."

"हो."

फ्लॅश त्यांनीच निवडला. दुकानातला सगळ्यात साधा, ज्याला स्वतःचं डोकं अजिबात नाही. सगळं आपणच ठरवायचं, आणि उजेड एकच. बाईने तीन-तीनदा सांगितलं, काका, याच्यात काही आपोआप होत नाही. बाबा म्हणाले, "नकोच व्हायला."

फ्लॅश घेऊन आम्ही घरी आलो. आल्यावर भिंगरीने हट्टाने तोच गुलाबी झगा चढवला आणि खुर्चीवर जाऊन बसली. बाबांनी पावलं न मोजता नजरेनेच अंतर जोखलं, फ्लॅशचं चाक फिरवलं, कॅमेरा डोळ्याला लावला. हात स्थिर होता.

"बघ इकडे."

"बघतेच आहे!" भिंगरी वैतागून म्हणाली.

बाबांनी बटण दाबलं नाही. कॅमेरा तोंडावर धरून ते तसेच उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. भिंगरी हाका मारतेय, आजोबा, काढ ना, आणि त्यांना काढता येईना. मी कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांना बसवलं. माझ्या नवऱ्याने नुकतंच दारात पाऊल टाकलं होतं, तो चपला काढायचं विसरून तिथेच थबकला.

"आई पण असंच म्हणायची," तो हळूच म्हणाला. "मला म्हणायची, मी उघडेच ठेवते रे, हा मेला दिवाच काहीतरी करतो. आम्ही हसायचो."

"मला नाही म्हणाली," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कशी म्हणेल? तुम्ही फोटो बघितला की तोंड फिरवून निघून जायचात. तिला वाटायचं, आपण तुमचे फोटो बिघडवतो. म्हणून तर नंतर नंतर पुढे यायचीच नाही, पाहुण्यांच्या मागे जाऊन उभी राहायची."

हे ऐकून बाबांनी डोळे पुसायचेही सोडून दिले. दोन माणसं एका घरात राहिली, एकाच ताटलीतली बिस्किटं चहात बुडवून खाल्ली, आणि दोघांनाही वाटत राहिलं, की समोरचा आपल्यावर रुसलाय. एक प्रश्न विचारला असता तर मिटलं असतं. मला इतकं वाईट वाटलं, की जिला मी कधी भेटले नाही त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. तिला सांगावंसं वाटलं, अहो आई, तुम्ही काही बिघडवलं नाहीत.

भिंगरीचा फोटो शेवटी निघाला. चांगला निघाला. पण बाबांचं मन त्यात नव्हतं. त्यांनी नवऱ्याकडून जुने सगळे फोटो कॉम्प्युटरवर काढून घेतले, आणि भुलीचा फोटो पडदाभर मोठा करायला लावला. इतका मोठा मी तो कधी बघितला नव्हता. दात तोच, जरा चढलेला. गाल वर. आणि पापण्यांच्या खाली दोन बारीक फटी. एरवी आम्हाला त्यात पांढरं तेवढं दिसायचं. आता बुबुळाची कड दिसत होती, आणि ती सरळ समोर होती. कॅमेरा धरणाऱ्या माणसावर. त्या वयातल्या सासूबाईंचे डोळे मी पहिल्यांदा बघितले, तेवढे, दाराच्या फटीतून बघावे तसे.

"फोटो काढताना डोळा लावलेल्या खिडकीत एकदम काळं होतं," बाबा म्हणाले. "क्लिक होतं नेमकं तेव्हाच. काढणाऱ्याला तो क्षण दिसतच नाही. मला वाटायचं, नंतर पडद्यावर दिसतो तोच तो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो फोटो छापून आणला. तरुणपणीचा उतरवला, आणि त्या खिळ्यावर हा टांगला. आलेगेले लोक चमकतात. शेजारच्या काकू म्हणाल्याच, "अहो, इतके चांगले फोटो असताना हा कसला लावलात? डोळे बघा की."

"डोळ्यांसाठीच लावलाय," बाबा म्हणाले. काकूंना काही उमगलं नाही आणि बाबांनी समजावलंही नाही.

जुना फ्लॅश आम्ही टाकला नाही. तो त्यांच्या कपाटात आहे, आणि निळी पट्टी त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलीय. भिंगरीचे ढीगभर फोटो निघाले, सगळ्यांत डोळे उघडे, मला तर आता कौतुकही वाटेनासं झालंय. बाबा हसतात, बोलतात, पूर्वीपेक्षा बरेच बोलतात.

फक्त दुपारी जेवून आपल्या खोलीकडे जाताना ते त्या फोटोसमोर थांबतात. मी घरी असले की स्वयंपाकघरातून मला ऐकू येतं.

"बघ इकडे," म्हणतात, आणि उत्तर यायला जितका वेळ लागेल, तितका वेळ तिथेच उभे राहतात.